चारने भाग जाणारा पत्ता

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा आम्ही दोघांनी मिळूनच लिहायचे ठरविले. आम्ही एकाच तुकडीचे, वसतिगृहात सहा वर्षे शेजारी शेजारी अंथरूण टाकणारे, आणि पुढे योगायोगाने एकाच क्षेत्रात काम करणारे. तेव्हा या लेखातला ‘आम्ही’ मानाचा नसून संख्येचा आहे. माजी विद्यार्थी मेळाव्यात पालक आस्थेने विचारतात, “तुम्ही कॉम्प्युटरमध्ये आहात, म्हणजे नेमके काय करता?” त्यावर “सॉफ्टवेअरचे काम” असे मोघम उत्तर देऊन आम्ही आजवर वेळ निभावली. ज्या शाळेने ‘का?’ विचारायला शिकविले, तिच्या स्मरणिकेत तरी त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर द्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

संगणकाच्या आत प्रोसेसर नावाची चिप असते. सारी आकडेमोड तीच करते. आपण वापरतो ते कार्यक्रम, मग ते पत्र लिहिण्याचे असोत वा बँकेचे, यंत्रसामग्रीशी थेट व्यवहार करीत नाहीत. मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. आमचे काम या गाभ्याच्या आसपासचे. तेथे रंग नाहीत, चित्रे नाहीत, पडद्यावर दाखविण्यासारखे काहीच नाही. तेथे असतात फक्त आकडे आणि त्यांचे पत्ते. या पत्त्यांविषयीचा एक अगदी लहानसा नियम आम्ही आज सांगणार आहोत.

संगणकाची मेमरी म्हणजे ओळीने मांडलेल्या लहान लहान कप्प्यांची एक फार लांब रांग. प्रत्येक कप्प्यात एक बाइट मावते आणि प्रत्येक कप्प्याला शून्यापासून सुरू होणारा क्रमांक असतो. तोच त्याचा पत्ता. मोठी संख्या एका बाइटमध्ये मावत नाही. तिला बहुधा लागोपाठचे चार कप्पे लागतात, कधी आठ. नियम असा की, चार बाइटची संख्या जेथे सुरू होते त्या पत्त्याला चारने नि:शेष भाग गेला पाहिजे; आठ बाइटची असेल तर आठने, दोन बाइटची असेल तर दोनने. यालाच संरेखन म्हणतात. आमच्या व्यवसायाच्या बोलीत अलाइनमेंट. गणिताच्या सरांनी शाळेत भाज्यतेच्या कसोट्या पाठ करून घेतल्या होत्या: शेवटच्या दोन अंकांनी होणाऱ्या संख्येला चारने भाग गेला, की मूळ संख्येलाही जातो. संगणकाच्या द्विमान पद्धतीत ही कसोटी आणखी सोपी होते. पत्त्याचे शेवटचे दोन अंक शून्य असले की त्याला चारने भाग जातो. प्रोसेसर एवढेच पाहतो.

हा नियम का असावा, हे वसतिगृहाच्या कोठीघरावरून सांगता येईल. कल्पना करा, भिंतीला फळ्या आहेत आणि प्रत्येक फळीवर बरोबर चार डबे बसतात. कोठीवाला एका खेपेत एकच फळी उचलून आणू शकतो. पहिल्या फळीवरचे चारही डबे हवे असतील तर एका खेपेत काम होते. पण कोणी दुसऱ्या डब्यापासून पाचव्या डब्यापर्यंतचे चार डबे मागितले तर? तीन डबे पहिल्या फळीवर, एक दुसऱ्या फळीवर. मागणी चारच डब्यांची, पण ती दोन फळ्यांवर विभागलेली. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधल्या तारांची रचनाही अशीच असते. मेमरी एकेक बाइट करून येत नाही, फळी-फळीने येते.

अशा आडव्या मागणीला निरनिराळे कोठीवाले निरनिराळे उत्तर देतात, आणि आमच्या कामाची सारी अडचण तेथेच सुरू होते.

पहिला कोठीवाला निमूटपणे दोन खेपा घालतो, चार डबे नीट जुळवून देतो आणि तक्रार करीत नाही. इंटेलचे प्रोसेसर या स्वभावाचे. १९७८ मधला ८०८६ हा प्रोसेसर विषम पत्त्यावरून दोन बाइटची संख्या मागितली तरी देत असे. फक्त एका फेरीऐवजी दोन फेऱ्या लागत. त्याच घराण्याचे आजचे वंशज आपल्या घरातल्या आणि कार्यालयातल्या बहुतेक संगणकांत आहेत.

दुसरा कोठीवाला अशी मागणी आली की काम थांबवितो आणि थेट अधीक्षकांकडे जातो. १९७९ चा मोटोरोला ६८००० विषम पत्त्यावर दोन वा चार बाइटची संख्या मागताच ‘पत्ता चुकला’ अशी वर्दी देत असे. स्पार्क आणि मिप्स हे प्रोसेसरही याच कडक शिस्तीचे. वर्दी आली की कर्नेलने काय ते ठरवायचे: स्वत: दोन खेपा घालून मागणी पुरी करायची, की मागणी करणारा कार्यक्रमच बंद पाडायचा. मिप्सच्या रचनाकारांनी अशा प्रसंगासाठी दोन वेगळ्या आज्ञाही ठेवल्या होत्या: एक डावा भाग आणणारी, दुसरी उजवा भाग आणणारी. पण त्या जाणीवपूर्वक वापराव्या लागतात.

तिसरा कोठीवाला सर्वांत धोक्याचा. तो थांबत नाही, वर्दी देत नाही आणि दोन खेपाही घालत नाही. दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे डबे मागितले, तर तो पहिलीच फळी उचलतो, तिच्यावरचा दुसरा, तिसरा आणि चौथा डबा क्रमाने देतो आणि पाचव्याच्या जागी पहिलाच डबा गुपचूप ठेवतो. मोजाल तर डबे चारच भरतात. आवृत्ती सहाच्या पूर्वीचे आर्म प्रोसेसर बरोबर असेच वागत. चारने भाग न जाणारा पत्ता दिला, की ते त्या फळीवरचे चार बाइट गोल फिरवून हातात देत. आवृत्ती सहापासून आर्मने ही रीत बदलली आणि साध्या मागण्या नीट पुरविण्याची सोय केली. पण जुन्या आवृत्तीची स्वस्त यंत्रे त्यानंतरही अनेक वर्षे बाजारात आणि शेताशिवारांत काम करीत राहिली.

लिनक्स हे कर्नेल १९९१ साली लिहिले जाऊ लागले ते इंटेलच्या ८०३८६ या प्रोसेसरवर, म्हणजे पहिल्या, सोशिक कोठीवाल्याच्या घरी. १९९५ च्या १.२ आवृत्तीत ते अल्फा, मिप्स आणि स्पार्क या घरांत राहायला गेले. अल्फाच्या सुरुवातीच्या प्रोसेसरांना तर सुटा एक बाइट मेमरीतून उचलण्याची आज्ञाच नव्हती. चार किंवा आठ बाइट उचलायचे आणि त्यातून हवे ते निवडून घ्यायचे. माहेरी जे सहज खपत होते ते सासरी पहिल्याच दिवशी अडू लागले. तेव्हापासून या कर्नेलच्या रचनाकारांनी ठरवून घेतले की, जो मजकूर सर्व यंत्रांवर चालायचा आहे, तो सर्वांत कडक यंत्र डोळ्यांपुढे ठेवून लिहायचा. जेथे आडव्या पत्त्यावरून संख्या घेणे टळतच नाही, तेथे त्यासाठी मुद्दाम केलेली साधने वापरायची. ती साधने सोशिक यंत्रावर सरळ एका आज्ञेत काम उरकतात आणि कडक यंत्रावर एकेक बाइट घेऊन संख्या जुळवितात. या नियमाचे विवेचन करणारे एक टिपणच कर्नेलच्या मजकुराबरोबर ठेवलेले आहे आणि ते कोणालाही वाचता येते.

या शिस्तीतून रिकाम्या जागा निर्माण होतात. एक बाइटची खूण आणि तिच्यामागे चार बाइटची संख्या अशी जोडी मांडली, तर एकूण पाच बाइट पुरायला हवेत. पण कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेत उतरविणारा कार्यक्रम, मध्ये तीन बाइट मोकळे सोडतो आणि जोडी आठ बाइटची होते. नवशिक्याला वाटते, ही उधळपट्टी आहे. उलट, त्या तीन रिकाम्या घरांमुळेच पुढची संख्या एका खेपेत हाती येते.

याचे आमच्या आवडीचे उदाहरण नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये सापडते. इथरनेटच्या तारेवरून आलेल्या प्रत्येक पुडक्याच्या आरंभी चौदा बाइटचा मथळा असतो आणि लगेच त्यामागे इंटरनेटचा मथळा सुरू होतो. त्यात पाठविणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे चार-चार बाइटचे पत्ते असतात. चौदाला चारने भाग जात नाही. म्हणून पुडके चांगल्या पत्त्यावर उतरवून घेतले, तरी आतला मथळा वाकडाच बसतो. यावर लिनक्समधला उपाय फार साधा आहे: पुडके उतरवून घेण्याआधी दोन बाइट रिकामे सोडायचे. दोन आणि चौदा मिळून सोळा होतात आणि आतला मथळा सरळ बसतो. मात्र इंटेलच्या घराण्यात हेच दोन बाइट शून्य ठेवले जातात, कारण तेथे वाकडा मथळा वाचण्याचा खर्च थोडा असतो आणि नेटवर्क कार्डाने पुडके सरळ पत्त्यावर उतरविणे अधिक फायद्याचे ठरते. हेतू एकच, पण यंत्र बदलले की सोडायची जागा बदलते.

आता एका प्रत्यक्ष प्रकरणाविषयी, कारण त्यावाचून हा विषय केवळ काटेकोरपणाचा शौक वाटण्याचा संभव आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे एका खासगी उद्योगासाठी काम करीत होतो. ग्रामीण पाणीपुरवठा योजनांच्या मीटरवरील रीडिंग दूरवरून गोळा करणारे एक छोटे यंत्र त्यांनी बसविले होते. यंत्रात जुन्या आवृत्तीचा आर्म प्रोसेसर होता. मीटरकडून यंत्राला येणारा संदेश असा: पहिला बाइट प्रकाराचा, पुढचे चार बाइट रीडिंगचे. नेहमीच्या संदेशाचा प्रकार शून्य. वीज जाऊन परत आल्यावरच्या पहिल्या संदेशाचा प्रकार एक. यंत्रातला कार्यक्रम आमच्या आधीच्या कोणी लिहिलेला होता. कार्यालयातल्या संगणकावर त्याची चाचणी झाली होती आणि तेथे तो निर्दोष चालत होता.

एका गावच्या योजनेत अधूनमधून एखादे रीडिंग एकदम प्रचंड येई आणि पुढच्याच संदेशात पूर्ववत होई. नोंदी पाहता हे नेहमी भारनियमनानंतर घडत होते. व्यवस्थापनाने निष्कर्ष काढला की, वीज नसताना तेथील पंपचालक मीटरच्या वायरीशी काहीतरी करतो. तो कंत्राटावरचा माणूस. त्याची दोन महिन्यांची मजुरी रोखण्यात आली. यंत्र तपासायला आम्ही गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, “साहेब, वायरीला मी हातसुद्धा लावलेला नाही. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच बघा.”

आम्ही पाहिले. सर्व चुकीची रीडिंग एका कागदावर उतरविली आणि त्यांतून आदल्या संदेशातले रीडिंग वजा केले. मधल्या वेळात खरोखर वाहिलेल्या पाण्याचा किरकोळ आकडा सोडला, तर प्रत्येक वेळी वाढ तेवढीच: १,६७,७७,२१६. माणसाच्या हाताने वायरीत केलेली गडबड दर वेळी एककापर्यंत तंतोतंत सारखी कशी असेल? आणि ही संख्या आमच्या ओळखीची होती. दोनचा चोविसावा घात. म्हणजे चार बाइटपैकी सर्वांत वरच्या बाइटमध्ये शून्याऐवजी एक येऊन बसला होता.

पुढचे तिसऱ्या कोठीवाल्याने सांगितले. संदेश मेमरीत सरळ पत्त्यावर उतरत होता, पण रीडिंग त्याच्या दुसऱ्या बाइटपासून सुरू होत होते. म्हणजे चारने भाग न जाणाऱ्या पत्त्यावर. कार्यक्रम तेथून एकदम चार बाइट मागत होता. प्रोसेसर रीडिंगचे पहिले तीन बाइट देऊन चौथ्याच्या जागी फळीवरचा पहिला बाइट, म्हणजे संदेशाचा प्रकार, ठेवीत होता. प्रकार शून्य असेपर्यंत कोणाच्याही काही लक्षात येणे शक्य नव्हते, कारण खऱ्या रीडिंगचा वरचा बाइटही शून्यच होता. चुकीच्या रीतीने काढलेले उत्तर बरोबर येत होते. वीज जाऊन आली की प्रकार एक होई आणि तोच एक रीडिंगच्या माथ्यावर जाऊन बसे. कार्यालयातल्या इंटेलच्या संगणकावर हे कधीच दिसले नसते, कारण तेथला कोठीवाला दोन खेपा घालून प्रत्येक वेळी बरोबर डबे देत होता.

आर्मवरच्या लिनक्समध्ये अशा वाकड्या मागण्यांची मोजदाद ठेवणारी एक नोंद असते आणि त्यांचे काय करायचे याचे पर्यायही तेथेच असतात: दुर्लक्ष करणे, इशारा देणे, दुरुस्त करून देणे किंवा कार्यक्रम थांबविणे. त्या यंत्रात ‘दुर्लक्ष’ हा पर्याय चालू होता. आम्ही प्रयोगशाळेतल्या यंत्रावर ‘थांबविणे’ निवडले. कार्यक्रम पहिल्याच संदेशाला थांबला. तोही प्रकार शून्यच्या, ज्याचे रीडिंग आजवर बरोबर दिसत आले होते त्या संदेशाला.

दुरुस्ती चार ओळींची होती. चार बाइट एकदम न मागता एकेक घेऊन त्यांची संख्या जुळविली, एवढेच. अहवाल मात्र आम्ही चार पानांचा लिहिला आणि त्यात तो वजाबाकीचा तक्ता सर्वांत आधी ठेवला, जेणेकरून प्रोसेसरविषयी काही ठाऊक नसलेल्या माणसालाही निष्कर्ष पटावा. पंपचालकाची रोखलेली मजुरी पुढच्या महिन्यात मिळाली. त्याच्याविषयी जे बोलले गेले ते कोणी परत घेतल्याचे आमच्या ऐकण्यात नाही.

त्या प्रकरणाने आमच्यावर एक गोष्ट कायमची ठसविली. ‘चालते’ आणि ‘बरोबर आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. सोशिक यंत्रावर चाललेला कार्यक्रम बरोबर असल्याचा तो पुरावा नसतो; त्या यंत्राच्या सोशिकपणाचा असतो. सी या भाषेचे प्रमाणित नियम तर सांगतात की, असंरेखित पत्ता संरेखित म्हणून वापरला, तर पुढे काय होईल याची भाषा कोणतीच हमी देत नाही. इंटेलच्या घरीसुद्धा हा सोशिकपणा अमर्याद नाही. १९९९ साली पेंटियम थ्रीबरोबर आलेल्या काही आज्ञा सोळाने भाग न जाणाऱ्या पत्त्यावर थेट अडतात. मेमरीतली एखादी संख्या इतरांना मज्जाव करून बदलायची असेल आणि ती दोन फळ्यांवर विभागलेली असेल, तर तेवढ्या वेळापुरते सर्व प्रोसेसरांना खोळंबून राहावे लागते. एकाच्या गैरशिस्तीचा भार असा सर्वांवर पडतो. म्हणून २०२० मधल्या लिनक्सच्या ५.७ आवृत्तीपासून असे प्रकार हुडकून काढण्याची सोय करण्यात आली.

पंपचालकाच्या बाबतीत भार आणखी दूर जाऊन पडला होता. कार्यक्रम लिहिणारा त्याला ओळखत नव्हता, आणि कार्यक्रम कोणत्या भाषेत लिहिला आहे याची पंपचालकाला कल्पना नव्हती. या दोघांमध्ये एक बाइट होती. आमच्या कामात नीतीचा प्रश्न असा पत्त्याच्या शेवटच्या दोन अंकांत लपलेला असतो. कडक यंत्र त्रासदायक वाटते, पण ते चूक जेथे झाली तेथेच, जो जबाबदार आहे त्याच्यासमोर थांबते. दुर्लक्ष करणारे यंत्र ती चूक पुढे ढकलत नेते, आणि शेवटी ज्याचा काही दोष नाही व ज्याला बोलायला जागा नाही, त्याच्या दारात नेऊन टाकते.

हा विषय जुन्या यंत्रांबरोबर संपलेला नाही. बर्कलीच्या विद्यापीठात २०१० साली सुरू झालेली रिस्क-फाइव्ह ही खुली प्रोसेसर-रचना आज जगभर पसरत आहे. मद्रासच्या आयआयटीतील ‘शक्ती’ आणि सी-डॅकचे ‘वेगा’ हे भारतीय प्रोसेसर याच रचनेवर आधारलेले आहेत. या रचनेत तिन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत: वाकडी मागणी चिपनेच पुरवावी, खालच्या थरातील कार्यक्रमाने गुपचूप पुरवावी, किंवा सरळ नाकारावी. त्यामुळे एकाच नावाच्या दोन चिपांवर तोच कार्यक्रम एकीवर झपाट्याने आणि दुसरीवर फारच संथ चालू शकतो. या रचनेवर लिनक्स सुरू होते तेव्हा वाकड्या मागणीला येथे किती वेळ लागतो, हे मोजून पाहण्याची व्यवस्था त्यात आता आहे. या चिपांसाठी ड्रायव्हर लिहिणारे हात पुढची अनेक वर्षे लागणार आहेत, आणि ते आपल्या शाळेतूनही जावेत, असे आम्हांला मनापासून वाटते.

म्हणून पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी संगणकाकडे वळत असेल, तर पडद्यावर चटकन काहीतरी दिसणाऱ्या अभ्यासक्रमावरच समाधान मानू नका. खाली काय चालते, हे विचारण्याची सवय लावा. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. लिनक्सचा सारा मजकूर विनामूल्य आणि खुला आहे. शाळेच्या संगणक कक्षातला जुन्यात जुना संगणकही त्यासाठी पुरेसा आहे. आणि एखादे जुने, हळू, वेगळ्या घराण्याचे यंत्र कोणी देऊ केले तर ते नाकारू नका. जे नव्या यंत्रावर झाकले जाते ते तेथे उघडे पडते.

आणि विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, भाज्यतेच्या कसोट्या नीट शिका. परीक्षेत त्यांना दोनच गुण असतात, हे आम्हांलाही आठवते. पण कोणाच्या तरी मजुरीचा हिशेब कधी त्या दोन गुणांवर येऊन ठेपेल, हे आधी कळत नसते. उत्तर बरोबर आले तरी रीत तपासून पाहायची, ही सवय शाळेतच लागते. नोकरीत ती शिकवायला कोणाला वेळ नसतो.